शिकाऱ्याचा कुंचला

जनावरांचे आमच्या वाङ्मयास कधीही वावडे नव्हते. पंचतंत्रात करटक आणि दमनक राजकारण खेळतात, इसापनीतीतील कोल्हा द्राक्षांस आंबट म्हणतो, आणि आजीच्या गोष्टीतील चिमणी मेणाच्या घरात बसून दाराबाहेर भिजणाऱ्या कावळ्यास बाळाच्या न्हाऊमाखूची सबब सांगते. ही सारी मंडळी आम्हांस प्रिय आहेत. परंतु त्यांच्या अंगावरील कातडे आणि पिसे तेवढी जनावरांची. आत नांदतो तो माणूस, हे कबूल करावे लागेल. बालपणी जडलेली ही दृष्टी मोठेपणी चित्रे पाहतानाही सुटत नाही. सिंह दिसला की राजा आठवतो, हरिण दिसले की गरीब विधवा आठवते, आणि ज्यात यांपैकी काहीच आठवत नाही अशा चित्राकडे आपण फार वेळ पाहत नाही.

पाश्चात्त्यांची गोष्ट फारशी निराळी नाही. आमच्या पिढीस इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून आणि जुन्या दिवाणखान्यांतील मुद्रितांतून परिचित असलेला प्राणिचित्रकार म्हणजे सर एडविन लँडसीअर. १८३९ साली त्याने रंगविलेली कुत्र्यांची जोडी, एक धीरगंभीर आणि एक आगाऊ, पुष्कळांनी पाहिली असेल; आणि धुक्यातील डोंगरमाथ्यावर मान ताठ करून उभा राहिलेला त्याचा १८५१ सालचा सांबरासारखा नर तर शिंगांचा मुकुट घातलेला प्रत्यक्ष जमीनदारच आहे. लँडसीअरच्या हाताची सफाई कोण नाकारील? तथापि त्याच्या त्या नराला आपण पाहिले जात आहोत याची पूर्ण जाणीव आहे. तो बैठक दिल्यासारखा उभा आहे. रानातले जनावर आपणांस पाहते ते पळून जाण्यापुरते.

या सवयीस आम्हांपुरता पहिला धक्का बसला तो ब्रूनो लिल्येफोर्स या स्वीडिश चित्रकाराच्या कृती पाहून. दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याच्या आग्रहावरून स्टॉकहोमला जाण्याचा योग आला. तेथे या चित्रकाराची मूळ तैलचित्रे पाहता आली आणि दोन मुद्रिते आम्ही विकत घेऊन आलो. एक बाजाचे, एक सशाचे. पुढील विवेचन त्या दोन मुद्रितांमुळे आमच्या घरात जो वाद उपस्थित झाला त्यातून निघाले आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

लिल्येफोर्सचा जन्म १८६० साली उप्साला या विद्यापीठाच्या गावी झाला. म्हणजे डार्विनचा जगप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडल्यानंतरच्या लगतच्याच वर्षी. स्टॉकहोमच्या कलाशाळेत तीन वर्षे काढून तो १८८२ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे प्राणिचित्रणाचे शिक्षण घेण्यास गेला, इटली आणि फ्रान्स पाहून परतला, आणि त्यानंतर १९३९ साली मृत्यू येईपर्यंत ससे, कोल्हे, बाज, गरुड, रानबदके आणि रानकोंबडे यांचा पिच्छा त्याने सोडला नाही. पिच्छा हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. हा गृहस्थ पक्का शिकारी होता. अंगाने कसरतपटू, डोळ्याने तीक्ष्ण, हाती बंदूक आणि पाठीवर रंगांची पेटी, असा तो हिवाळ्यातील रानांतून हिंडे. राहत्या जागेभोवती त्याने कोल्हे, ससे, गरुड, मोठे घुबड असा एक लहानसा प्राणिसंग्रहच बाळगला होता. आणि ही जनावरे त्याच्यावर विश्वास टाकीत, असे त्यास जवळून ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. (कोल्हा म्हणजे आपल्याकडील कोल्हेकुई करणारा तो नव्हे, आपल्या माळरानावरील खोकडाचा तो झुपकेदार शेपटीचा, तांबूस, थोरला भाऊ.)

ज्या चित्राने त्याचे नाव प्रथम गाजले ते १८८४ सालचे बाज आणि काळे रानकोंबडे यांचे. बर्फाने झाकलेली जमीन, तीतून वर आलेली खुरटी झुडपे, आणि त्या निवांत जागी एकाएकी कोसळलेला बाज. पंखांची, पिसांची आणि बर्फाची एकच झटापट उडालेली आहे. पाहणाऱ्यास वाटावे की चित्रकार दहा पावलांवर श्वास रोखून बसला होता आणि जे घडले ते त्याने टिपले. वस्तुस्थिती अशी की चित्रकारापुढे काहीच घडत नव्हते. बाज त्याने स्वतः मारलेला होता, रानकोंबडेही मेलेले होते. झुडपे वाकवून, त्यांच्यात ती कलेवरे अडकवून, पंख हवे तसे ताणून बसवून, उघड्यावर थंडीत उभे राहून त्याने ते चित्र रंगविले; आणि हे सारे त्याने पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले. चित्रात चैतन्य भासत असले तरी खरे पाहता ते निर्जीव वस्तूंचेच चित्र होते, फळांच्या परडीचे असते तसे, असा त्याच्या कबुलीचा मथितार्थ आहे.

ही हकीकत आम्ही घरी सांगितली मात्र, आमच्या सौभाग्यवतींनी बाजाचे मुद्रित उचलून टेबलावर पालथे ठेवले. “अहो, हा माणूस आधी मारतो आणि मग चितारतो. याला तुम्ही जनावरांवरचे प्रेम म्हणता?” प्रश्न साधा होता, आणि आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात सौंदर्यशास्त्र शिकविले असूनही त्यास तत्काळ उत्तर देता आले नाही. कलावंताचे चरित्र निराळे आणि कलाकृती निराळी, हे नेहमीचे सुटसुटीत उत्तर येथे लागू पडत नव्हते. लिल्येफोर्सच्या गृहस्थजीवनात काय उलथापालथी झाल्या त्याच्याशी आम्हांस कर्तव्य नाही. परंतु त्याची बंदूक चित्राच्या बाहेर ठेवता येत नाही. ती चित्राच्या साहित्यापैकीच एक आहे, तेलाच्या बुधलीसारखी.

उत्तर शोधू लागलो तेव्हा मन आपल्याच साहित्याकडे वळले. शिकारी आणि कवी यांच्या दोन प्रसिद्ध भेटी संस्कृतात आहेत. पहिली तमसेच्या काठी. निषादाच्या बाणाने क्रौंचाच्या जोडप्यातील नर पडतो, मादी आक्रोश करते, आणि वाल्मीकींच्या तोंडून शापवाणी बाहेर पडते ती छंदोबद्ध होऊनच. तेथे कवी एका बाजूस आहे, शिकारी दुसऱ्या बाजूस. आणि आपल्या काव्याचा उगमच या विरोधात आहे असे आपण मानीत आलो. दुसरी भेट शाकुंतलाच्या पहिल्या अंकात आहे. तेथे कवी आणि शिकारी असे दोघे उरलेलेच नाहीत. पळणाऱ्या हरिणाचे ते अद्वितीय वर्णन पाहा: मान वळवून वळवून मागे येणाऱ्या रथाकडे पाहणे, बाण लागेल या भीतीने मागचा भाग पुढच्या भागात आवळून घेणे, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडत जाणे, आणि उड्या अशा की जमिनीवर थोडे व आकाशातच अधिक. हे सारे कोण सांगतो? आश्रमातला ऋषी नव्हे, करुणेने व्याकुळ झालेला कवी नव्हे. धनुष्यास बाण जोडून रथात उभा असलेला दुष्यंत सांगतो. ज्याला ते हरिण मारावयाचे आहे त्यालाच ते इतके पूर्ण दिसले आहे. सांडलेल्या दर्भाची काडी पाहावयास शिकाऱ्याचाच डोळा लागतो. हळव्या माणसाने तेथवर पोहोचण्यापूर्वीच डोळे मिटले असते.

अभिनवगुप्ताने रसचर्चेत भयानकासाठी हाच श्लोक उदाहरण म्हणून घेतला आहे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की येथे जे प्रतीत होते ते मला वाटणारे भय नव्हे, शत्रूला किंवा मित्राला वाटणारे भय नव्हे, या अमुक हरिणाचे तमुक स्थळीचे भयही नव्हे. देश, काल आणि व्यक्ती यांच्या गाठी सुटून केवळ भय तेवढे डोळ्यांपुढे उभे राहते. लिल्येफोर्सच्या चित्रांपुढे उभे राहिल्यावर आम्हांस नेमका हाच अनुभव आला. बाज दुष्ट नाही, रानकोंबडा बिचारा नाही. १८८५ सालच्या एका चित्रात मांजरीने पक्ष्याचे पिलू तोंडात धरले आहे. कोणाही घरातील मांजर. आणि तरी तिच्या मुद्रेवर ना क्रौर्य ना समाधान. पुढल्याच वर्षीच्या कोल्ह्याच्या कुटुंबाच्या चित्रात फुललेल्या गवतात पिले मारून आणलेल्या पक्ष्यावर तुटून पडली आहेत. फुले, पिसे, पिलांची मऊ लव, सारे एकाच मायेने रंगविले आहे. कोणाची बाजू घ्यावी हे चित्रकार सांगत नाही, आणि काही वेळाने आपणही विचारीनासे होतो. तात्यासाहेब केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या संमेलनात मांडलेल्या सविकल्प समाधीने येथे पुरते भागत नाही, असे आमचे नम्र मत आहे. त्या समाधीत वाचक स्वतःस न विसरता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो. येथे शिरावयास भूमिकाच देऊ केलेली नाही.

येणेप्रमाणे आम्ही विजयी मुद्रेने आपले प्रतिपादन संपविले. सौभाग्यवतींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पण दुष्यंताने बाण परत भात्यात घातला ना? आश्रमाचे हरिण आहे म्हणून वैखानस आडवा आला, आणि राजाने ऐकले. तुमच्या स्वीडनच्या राजाला कोण आडवे आले?”

वाचकहो, शाकुंतल आम्ही किती वेळा शिकविले याची गणती नाही. पण बाण परत जाण्याचा आणि त्या श्लोकाच्या सौंदर्याचा काही संबंध असेल, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. तो संबंध आहे खचित. हरिण जिवंत राहिले म्हणूनच ते वर्णन आपण निःशंक मनाने उपभोगू शकतो. कालिदासाने आपली सोय पाहिली. लिल्येफोर्सने कोणाचीच सोय पाहिली नाही.

तेव्हा त्याच्या वतीने काय म्हणता येईल? पुढे त्यास पश्चात्ताप झाला, त्याने बंदूक टाकली, असे सांगता आले असते तर हा लेख फार गोड झाला असता. तसे काही घडलेले नाही. १९०८ साली त्याने स्टॉकहोमसमोरच्या द्वीपपुंजातील बुलेरो हे बेट विकत घेतले ते शिकार आणि चित्रकला या दोन्हींसाठी. आज ते बेट संरक्षित निसर्गक्षेत्र आहे आणि तेथील त्याचे शिकारघर लोक पाहावयास जातात, हा काळाचा विनोद. माणूस बदलला नाही. आमचे म्हणणे एवढेच, की चित्र बदलले. आणि ते कसे बदलले हे पाहण्यासारखे आहे.

बाजाच्या चित्रात प्रत्येक पीस मोजून घ्यावे असे आहे. मेलेल्या पक्ष्याची पिसेच मोजता येतात. पुढल्या चित्रांतून ही मोजदाद हळूहळू नाहीशी होते. समुद्रगरुड आयडर जातीच्या बदकाचा पाठलाग करतो, हा त्याचा आवडता विषय. त्यात बदक बुडी मारते, गरुड वर घिरट्या घालतो, बदक श्वासासाठी वर येते तोच पुन्हा झडप. आणि बदक थकेपर्यंत हे चालते. असे चित्र मेलेला गरुड टांगून काढता येत नाही. तेथे लाटांवरचा उजेड, पंखांचा झोत, पाण्याचे उसळणे यांची एकच गती साधावी लागते, आणि ती तासन्तास नावेत बसून पाहिल्यावाचून हाती लागत नाही. पंख येथे चारसहा फटकाऱ्यांत आटोपलेले असतात. एटिएन मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ साली उडत्या पक्ष्यांची एकामागून एक छायाचित्रे घेणारे यंत्र बनविले होते. त्याचा आकार बंदुकीचा होता. दस्ता, नळी, चाप सर्व काही. डोळ्यास न दिसणारी पंखांची स्थिती त्यामुळे जगास दिसू लागली. परंतु छायाचित्रातील पंख गोठलेला असतो, आणि लिल्येफोर्सचा पंख चाललेला असतो.

त्याहून महत्त्वाचा बदल जागेचा. जहांगिराच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याने १६२१ साली रंगविलेला झेब्रा आठवावा. पट्टा न् पट्टा अचूक, पण भोवती रान नाही. मोकळ्या पार्श्वभूमीवर एकटा उभा असलेला तो एक अपूर्व नमुना आहे. लिल्येफोर्सचा समकालीन जर्मन चित्रकार विल्हेल्म कूनर्ट १८९१ पासून पूर्व आफ्रिकेत जाऊन सिंह आणि हत्ती रंगवून आला. त्याच्या सिंहामागे माळ आहे खरा, पण सिंह काढून घेतला तर माळ रिकामा पडतो. लिल्येफोर्सच्या सशाचे तसे नाही. हिवाळ्यातील पांढरा ससा त्याने वारंवार रंगविला. बर्फ, बर्फावरची निळसर सावली, वाळक्या काड्या. आपण पाहत राहतो आणि मग केव्हातरी एक काळा डोळा आपणांकडे पाहतो. सशाच्या पाठीची कड कोठे संपते आणि बर्फ कोठे सुरू होतो हे चित्रकाराने मुद्दामच सांगितलेले नाही. ससा काढून घ्यावा म्हटले तर अर्धे रान त्याच्याबरोबर निघून येईल. १९०१ सालच्या सायंकाळच्या रानबदकांच्या चित्रात तर बदके जवळजवळ नाहीतच. मावळतीच्या सोनेरी पाण्यावर काळे ठिपके हेलकावत आहेत. लोकांनी त्या चित्रास लाडाने बिबट्याचे कातडे असे नाव देऊन टाकले आहे. एका जनावराचे चित्र पाहून दुसऱ्याच जनावराची आठवण व्हावी, ही खुद्द चित्रकारास आवडणारी थट्टा असावी.

जनावराचा रंग आणि त्याची जागा यांचे नाते शास्त्रज्ञही त्याच काळात उलगडीत होते, आणि आमचा चित्रकार त्यांस परका नव्हता. गुस्ताफ कोल्थोफ या प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली स्टॉकहोम येथे जीवशास्त्रीय संग्रहालय उघडले. तेथे पेंढा भरलेली जनावरे कपाटात नावाची चिठ्ठी लावून न ठेवता कडा, किनारा, अरण्य अशा त्यांच्या त्यांच्या देखाव्यात मांडली. मागील विस्तीर्ण पडदे रंगविले लिल्येफोर्सने, साहाय्यकांच्या मदतीने. मेलेल्या जनावरास त्याची जागा परत देण्याचा हा उद्योग त्याने तेहेतिसाव्या वर्षी केला. दहा वर्षांपूर्वी झुडपात कलेवर अडकविताना तो जे चाचपडत शोधीत होता ते त्यास येथे कळले असावे, असा आमचा तर्क आहे. पुरावा मागितल्यास चित्रांखेरीज दुसरा देता येणार नाही.

गुणांबरोबर दोष सांगितले नाहीत तर परीक्षण अपुरे राहील. लिल्येफोर्सने फार रंगविले. पैशाची चणचण त्यास अनेक वर्षे होती आणि सशाला व कोल्ह्याला गिऱ्हाईक हमखास मिळे. त्यामुळे तोच ससा, तेच बर्फ, तोच काळा डोळा इतक्यांदा भेटतो की एखाद्या वेळी हा चित्रकार आहे की छापखाना असे वाटून जाते. १८८७ साली एकाच चौकटीत बसविलेल्या त्याच्या पाच लहान अभ्यासचित्रांत जपानी चित्रांच्या धाटणीची जी टवटवी आहे, तिची बरोबरी उतारवयातील पुष्कळशा भल्या मोठ्या फलकांना करता येत नाही. आणि माणूस त्याच्या चित्रांत आला की, बहुधा तो बंदूक घेतलेला शिकारीच, तो उगाच जागा अडवून बसल्यासारखा दिसतो.

पण मूळ प्रश्न राहिलाच. मारणाऱ्याचे प्रेम हे प्रेम काय? आम्हांस आता असे वाटते, की प्रेम हा शब्दच आम्ही घाईने वापरला. लिल्येफोर्सला ससा प्रिय होता की नाही हे सांगणे कठीण. त्यास ससा ठाऊक होता. आम्ही जन्मात मुंगीही जाणूनबुजून मारली नाही, आणि आमच्या बंगल्यामागच्या टेकडीवर ससे आहेत हे आम्हांस माळ्याने सांगेपर्यंत माहीत नव्हते. त्या टेकडीवर आता इमारती उभ्या आहेत. ससे कोठे गेले याची आम्ही चौकशी केली नाही. आमच्या या अहिंसेपुढे त्या शिकाऱ्यास आरोपी म्हणून उभे करण्यास आमची जीभ धजत नाही. मात्र म्हणून त्या १८८४ सालच्या बाजास माफी मिळाली असेही आम्ही म्हणणार नाही. झुडपात अडकविलेले त्याचे पंख, एकदा ठाऊक झाल्यावर, आम्हांस आता चित्रातही अडकलेलेच दिसतात.

सौभाग्यवतींचा निकाल अधिक सरळ आहे. सशाचे मुद्रित त्यांनी चौकटीत बसवून जिन्यालगतच्या भिंतीवर लावू दिले आहे, कारण तो, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, अजून पळून जाऊ शकेल. बाजाचे मुद्रित आमच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. ते आम्ही अधूनमधून काढून पाहतो, आणि परत ठेवताना पालथे ठेवतो.